‘मायसेल्फ’ कुठे लावायचं आणि कुठे नाही

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री भाचा आमच्याकडे मुक्कामाला होता. फ्रिजला टेकून उभा राहून पाठ केलेलं म्हणून दाखवत होता. “गुड मॉर्निंग सर, मायसेल्फ ओंकार, फ्रॉम सातारा.”

म्हटलं, थांब.

“काय झालं मामा? सगळे असंच म्हणतात.”

म्हणतात खरे. माझ्या पहिल्या मुलाखतीत मीसुद्धा असंच म्हटलं होतं आणि समोरच्या बाईंनी काही न दाखवता माझं नाव लिहून घेतलं होतं. एवढ्यावरून कुणाची नोकरी जात नाही. पण तोंड उघडल्या उघडल्या पहिलंच वाक्य चुकलेलं असावं हे काही बरं नाही, आणि ही चूक नेमकी कुठून येते ते एकदा कळलं की तिच्या बहिणीही सापडतात. त्या रात्री ओंकारला जे सांगितलं तेच इथे जरा ऐसपैस लिहितो आहे. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहिली आहेत, मोठ्याने वाचून बघा. कानाला सवय होणं हे इथे अर्धं काम आहे.

आधी ‘मायसेल्फ ओंकार’चा निकाल लावू

समोरचा विचारतो, “प्लीज इंट्रोड्यूस युअरसेल्फ.” आपल्या कानात ‘सेल्फ’ राहतो आणि उत्तरात तोच परत जातो. शिवाय शाळेत ‘मायसेल्फ’ नावाचा निबंध सगळ्यांनीच लिहिलेला असतो. मथळा म्हणून तो शब्द ठीक आहे, पण मथळा म्हणजे वाक्य नव्हे.

खरं मूळ मात्र मराठीत आहे. ‘मी ओंकार’ हे आपल्याकडे पूर्ण वाक्य आहे. त्यात क्रियापद नाही हे आपल्याला जाणवतही नाही. इंग्रजीला क्रियापदाशिवाय चालत नाही. म्हणजे ‘मायसेल्फ ओंकार’मध्ये एक नाही, दोन चुका आहेत: क्रियापद गायब आहे, आणि कर्त्याच्या जागी असा शब्द बसवला आहे जो एकटा कर्ता होऊच शकत नाही.

म्हणायचं असं: “आय ॲम ओंकार” किंवा “माय नेम इज ओंकार”. फोनवर असाल तर “धिस इज ओंकार”. झालं.

पायरी १: आठ शब्द, जोडीने पाठ करा

मराठी व्याकरणात ‘स्वतः’ आणि ‘आपण’ यांना आत्मवाचक सर्वनामं म्हणतात, हे शाळेत झालेलं आहे. आपला ‘स्वतः’ मोठा सोयीचा गडी. मी स्वतः, तू स्वतः, ती स्वतः, ते सगळे स्वतः, कुणाहीसाठी तो बदलत नाही. इंग्रजीत मात्र प्रत्येक कर्त्याचा आपापला शब्द ठरलेला आहे:

आय – मायसेल्फ
यू, एकजण – युअरसेल्फ
ही – हिमसेल्फ
शी – हरसेल्फ
इट – इटसेल्फ
वी – अवरसेल्व्ज
यू, अनेकजण – युअरसेल्व्ज
दे – देमसेल्व्ज

यातली एक गंमत बघा. इंग्रजीत ‘यू’ म्हणजे तू की तुम्ही हे शब्दावरून कळत नाही, अशी आपली नेहमीची तक्रार असते. इथे मात्र एकजण की अनेक, हे कळतं. एका पाहुण्याला ताट पुढे करताना “हेल्प युअरसेल्फ”, चौघे असतील तर “हेल्प युअरसेल्व्ज”. पण आपला आदरार्थी ‘तुम्ही’ इथे घोटाळा करतो. साहेब एकटेच असतील तर कितीही आदर असला तरी ‘युअरसेल्फ’च. आदरासाठी अनेकवचन ही आपली रीत, ती तिकडे नाही.

अनेकवचनात ‘सेल्फ’चं ‘सेल्व्ज’ होतं, जसं शेल्फचं शेल्व्ज. ‘देमसेल्फ्स’ असं कुणी लिहिलं तर लाल शाई. आणि हा एकच शब्द आहे, मध्ये जागा सोडून ‘माय सेल्फ’ लिहायचं नाही. उच्चारात जोर ‘सेल्फ’वर द्या, ‘माय’वर नाही.

‘माय’, ‘युअर’ घेतलं तर मग ‘हिजसेल्फ’ का नाही, असा प्रश्न हुशार मुलं विचारतातच. याला सरळ उत्तर नाही. भाषेने अर्धे शब्द एका मुशीतून काढले, अर्धे दुसऱ्या. ‘हिजसेल्फ’ काही बोलींमध्ये खरोखरच ऐकू येतं, पण परीक्षेत आणि कचेरीत ते चालत नाही. पाठ करा आणि पुढे चला.

‘एव्हरीवन’, ‘समवन’ अशा शब्दांमागे बाई की बुवा ठाऊक नसतं, तिथे ‘देमसेल्व्ज’ वापरा. हल्ली एकट्या माणसासाठी ‘देमसेल्फ’ही दिसतं, पण नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पायरी २: सेल्फी आठवा

२०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘सेल्फी’ हा वर्षाचा शब्द ठरवला. आपल्या कामाला तो अगदी बरा आहे. सेल्फीत फोटो काढणारा आणि फोटोतला माणूस एकच असतो. वाक्यातही तेच बघायचं. काम करणारा आणि ज्याच्यावर ते काम होतं तो, एकच आहे का? असेल तर ‘सेल्फ’वाला शब्द, नसेल तर साधा इंग्रजीतला ‘मी’ (म्हणजे मला), ‘हिम’, ‘हर’.

“शी सॉ हर इन द मिरर” म्हणजे तिने आरशात दुसऱ्याच कुणा बाईला पाहिलं. “शी सॉ हरसेल्फ इन द मिरर” म्हणजे स्वतःला. मराठीतही ‘तिने तिला पाहिलं’ आणि ‘तिने स्वतःला पाहिलं’ यांत हाच फरक आहे, त्यामुळे इथवर कुणाला अडत नाही.

अडतं ते पुढे.

पायरी ३: मराठीत ‘स्वतः’ नाही, इंग्रजीत मात्र हवाच

ही जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि नेमकी हीच शिकवताना राहून जाते.

पोळी उलटताना तव्याचा चटका बसतो. आपण काय म्हणतो? ‘मला भाजलं.’ विळीवर भाजी चिरताना ‘बोट कापलं’. पायरी चुकून पडलो तर ‘मला लागलं’. वाक्यात कुणी काही केलेलंच नाही! भाजलं, कापलं, लागलं, जणू सगळं आपलं आपण घडलं आणि आपण नुसते सापडलो. मराठीची ही ढब मला फार आवडते, पण ती इंग्रजीत तशीच नेता येत नाही. इंग्रजीत चटका बसला तरी ‘मी’ कर्ता होतो आणि भाजणाराही मीच, भाजलेलाही मीच:

“आय बर्न्ट मायसेल्फ.”
“आय कट मायसेल्फ.”
“ही फेल अँड हर्ट हिमसेल्फ.”

नुसतं “आय बर्न्ट” म्हणाल तर ऐकणारा वाट बघत राहील, की बाबा काय जाळलंस? बोटाचं नाव घ्यायचं असेल तर “आय कट माय फिंगर” चालतं, मग ‘मायसेल्फ’ नको. दोन्ही एकदम नको.

दुसरं उदाहरण सहलीचं. ‘आम्ही खूप एन्जॉय केलं’ हे वाक्य आता मराठीच झालं आहे. त्याचं इंग्रजी मुलं करतात, “वी एन्जॉइड अ लॉट.” आपल्या देशात हे इतकं रुळलं आहे की कुणाला खटकत नाही. पण प्रमाण इंग्रजीत ‘एन्जॉय’ला पुढे काहीतरी लागतं, काय एन्जॉय केलं ते. “वी एन्जॉइड द ट्रिप.” आणि तसं काही सांगायचं नसेल तर ती रिकामी जागा ‘सेल्फ’ने भरतात: “वी एन्जॉइड अवरसेल्व्ज.” शब्दशः पाहिलं तर विचित्र वाटतं, पण अर्थ एवढाच, की मजा आली.

याच जातीची आणखी काही वाक्यं सरळ तुकड्यासारखी लक्षात ठेवा. “बिहेव युअरसेल्फ”, नीट वाग. “मेक युअरसेल्फ ॲट होम”, आपलंच घर समजा. “हेल्प युअरसेल्फ”, घ्या हं, संकोच करू नका. “ही प्राइड्स हिमसेल्फ ऑन हिज कुकिंग”, त्याला आपल्या स्वयंपाकाचा अभिमान आहे. पत्रव्यवहारातलं ‘अवेल’ही यातलंच. सवलतीचा लाभ घ्या, हे पारंपरिक इंग्रजीत “अवेल युअरसेल्फ ऑफ द कन्सेशन” असं होतं. आपल्याकडच्या जाहिरातींनी ते “अवेल द ऑफर” इतकं छाटून टाकलं. जाहिरातीत राहू दे. परीक्षेत पूर्ण लिहा.

पायरी ४: मराठीत ‘स्वतः’ आहे, इंग्रजीत मात्र नको

आता उलटी बाजू.

‘स्वतःचा’ याचं इंग्रजी ‘मायसेल्फ’ला काहीतरी चिकटवून होत नाही. तिथे ‘ओन’ लागतो. ‘माझं स्वतःचं दुकान’ म्हणजे “माय ओन शॉप”. ‘आपापले डबे आणा’ म्हणजे “ब्रिंग युअर ओन टिफिन्स”.

रोजची अंगाची कामं: आंघोळ, दाढी, कपडे घालणं. ही माणूस स्वतःचीच करतो हे इंग्रजी गृहीत धरून चालतं. “आय शेव्ड”, “शी गॉट ड्रेस्ड”, एवढं पुरे. लहान मूल पहिल्यांदा आपल्या हाताने सदरा घालतं तेव्हा मात्र कौतुकाने “ही ड्रेस्ड हिमसेल्फ” म्हणतात, कारण तिथे ते सांगण्यासारखं असतं.

‘मला थकल्यासारखं वाटतंय’ म्हणजे “आय फील टायर्ड”. मध्ये ‘मायसेल्फ’ घालू नका, “आय फील मायसेल्फ”चा अर्थ भलताच निघू शकतो. ‘लक्ष केंद्रित कर’ म्हणजे “कॉन्सन्ट्रेट”, पुढे ‘युअरसेल्फ’ नाही.

आणि जवळ, बरोबर, मागे असे शब्द. ‘छत्री बरोबर घे’ याचं “टेक ॲन अम्ब्रेला विथ यू”, ‘युअरसेल्फ’ नव्हे. ‘माझ्याजवळ सुट्टे नाहीत’ म्हणजे “आय हॅव नो चेंज ऑन मी”. ‘तिने जाताना दार लावून घेतलं’, “शी क्लोज्ड द डोअर बिहाइंड हर”. वस्तू कुठे आहे एवढंच सांगायचं असलं की साधा शब्द. पण क्रिया किंवा भावनाच माणसाकडे उलटून येत असेल तर सेल्फी पुन्हा लागू होते: “शी टॉक्स टू हरसेल्फ”, “आय वॉज अँग्री विथ मायसेल्फ”, “लुक आफ्टर युअरसेल्फ”.

पायरी ५: लांबच्या कर्त्याला धरू नका

इथे ओंकार दोनदा पडला, म्हणून सावकाश.

‘सीमाला वाटतं, की बाई आपल्याला ओळखतात.’ यातला ‘आपल्याला’ म्हणजे कोण? सीमा. मराठीचा ‘आपण’ एक वाक्य ओलांडून मागच्या सीमापर्यंत सहज पोहोचतो. इंग्रजीचा ‘हरसेल्फ’ इतक्या लांब हात पोहोचवू शकत नाही. तो फक्त आपल्या शेजारच्या क्रियापदाचा कर्ता बघतो. म्हणून “सीमा थिंक्स द टीचर नोज हर.” तिथे ‘हरसेल्फ’ लिहिलंत तर अर्थ होईल की बाई स्वतःलाच ओळखतात, आत्मज्ञान झाल्यासारख्या.

तसंच ‘रमेश म्हणाला, की आपल्याला जमणार नाही’ म्हणजे “रमेश सेड ही कुड नॉट डू इट.” साधा ‘ही’.

आता दुसरी खोच. ‘मी राहुलला स्वतःची ओळख करून द्यायला सांगितलं.’ ओंकारने पटकन लिहिलं, “आय आस्क्ड राहुल टू इंट्रोड्यूस मायसेल्फ.” वाक्य ‘आय’ने सुरू झालं ना! पण ‘इंट्रोड्यूस’ हे काम करणार कोण? राहुल. म्हणून ‘हिमसेल्फ’. वाक्याच्या तोंडाशी कोण बसलंय ते बघू नका. ‘सेल्फ’च्या लगतचं क्रियापद पकडा आणि त्याला विचारा, हे काम कोण करतंय? जे उत्तर येईल त्याचा शब्द लावा.

आज्ञार्थात कर्ता दिसत नाही, पण तो असतो, ‘यू’. म्हणून “लुक ॲट युअरसेल्फ!”

पायरी ६: जोर देण्यासाठीचा ‘सेल्फ’

‘मी स्वतः पाहिलं’, ‘खुद्द मुख्यमंत्री आले’, यांतला ‘स्वतः’ किंवा ‘खुद्द’ फक्त जोर देतो. इंग्रजीतही तेच आठ शब्द हे काम करतात: “आय मायसेल्फ सॉ इट”, “द चीफ मिनिस्टर हिमसेल्फ केम”. बोलताना बहुधा तो शेवटी जातो: “आय सॉ इट मायसेल्फ.”

ओळखायचं कसं? शब्द काढून बघा. “आय सॉ इट” उरतं, अर्थ शाबूत, म्हणजे तो जोर देणारा होता. “आय हर्ट मायसेल्फ”मधून काढला तर “आय हर्ट” असं लंगडं काहीतरी उरतं, म्हणजे तो खराखुरा आत्मवाचक होता. खरं तर जोर देणं हे ‘सेल्फ’चं जुनं काम आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘त्याला’ आणि ‘स्वतःला’ या दोन्हींसाठी साधा ‘हिम’सारखाच शब्द चालायचा. संदिग्धता टाळायला त्याला ‘सेल्फ’ची जोड मिळत गेली आणि मग ती कायमचीच चिकटली.

यातच ‘बाय’ची भर घाला. ‘बाय मायसेल्फ’ म्हणजे एकट्याने, किंवा कुणाच्या मदतीशिवाय. “आजी लिव्ह्ज बाय हरसेल्फ”, आजी एकटीच राहते. आणि आपल्या ‘आपोआप’साठी “बाय इटसेल्फ”: “द डोअर ओपन्ड बाय इटसेल्फ.”

पायरी ७: स्वतःला की एकमेकांना?

दोघं आरशासमोर उभे राहून आपापली दाढी करत असतील तर सेल्फ. एकाने दुसऱ्याची केली तर ‘ईच अदर’. मॅच हरल्यावर “दे ब्लेम्ड देमसेल्व्ज” म्हणजे प्रत्येकाने दोष स्वतःकडे घेतला. “दे ब्लेम्ड ईच अदर” म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये भांडण. ‘आम्ही स्टँडवर भेटलो’ याला दोन्ही लागत नाहीत, “वी मेट ॲट द स्टँड” पुरे.

पायरी ८: ईमेलमधला घरंदाज ‘मायसेल्फ’

“प्लीज कॉन्टॅक्ट गणेश ऑर मायसेल्फ.” “मायसेल्फ अँड गणेश विल अटेंड.” हे लिहिणाऱ्याला वाटतं, ‘मी’ फार साधं आहे, ‘मायसेल्फ’ जरा भारदस्त. ही हौस फक्त आपल्याकडे नाही, ज्यांची मातृभाषा इंग्रजी तेही सर्रास लिहितात आणि त्यांचे संपादक डोक्याला हात लावतात. मला विचाराल तर ‘मायसेल्फ ओंकार’पेक्षा ही चूक वाईट, कारण ती न समजून झालेली नसते, रुबाबासाठी केलेली असते.

उपाय साधा. गणेशला क्षणभर वाक्याबाहेर पाठवा. “प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ”? नाही, “प्लीज कॉन्टॅक्ट मी.” मग गणेशला परत घ्या: “प्लीज कॉन्टॅक्ट गणेश ऑर मी.” दुसऱ्यात “आय विल अटेंड” म्हणतो, म्हणून “गणेश अँड आय विल अटेंड”. ‘मी’ या साध्या शब्दाची लाज वाटायचं कारण नाही.

हात साफ करून घ्या

आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटलं. मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं २००० साली. तरी ओंकारच्या आणि माझ्या चुका एकाच घरातल्या निघाल्या, कारण दोघंही मनात मराठी वाक्य जुळवतो. ते थांबवता येत नाही. त्यापेक्षा दिवसभरात बोललेली मराठी वाक्यं रात्री इंग्रजीत करून बघावीत. ही त्या रात्रीची सहा. उत्तरं खाली आहेत, आधी स्वतः करा.

एक, इस्त्री करताना मला भाजलं. दोन, हळदीत आम्ही खूप मजा केली. तीन, पाण्याची बाटली बरोबर घे. चार, आईला वाटतं की डॉक्टर आपल्याला फसवतायत. पाच, मोटर आपोआप बंद झाली. सहा, ताईने मला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं.

उत्तरं: “आय बर्न्ट मायसेल्फ व्हाइल आयर्निंग.” “वी रियली एन्जॉइड अवरसेल्व्ज ॲट द हळदी.” “टेक अ वॉटर बॉटल विथ यू.” “आई थिंक्स द डॉक्टर इज चीटिंग हर.” “द मोटर स्टॉप्ड बाय इटसेल्फ.” सहाव्यावर ओंकार बराच वेळ पेन चावत बसला आणि मग “मायसेल्फ नेम” लिहिणार तेवढ्यात थांबला. तिथे ‘सेल्फ’ नाहीच: “ताई आस्क्ड मी टू राइट माय ओन नेम.”